ज्याला सगळ्यांनी बाहेर काढलं, त्याच्यावरही देवाची प्रीती असते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती ख्रिस्ती घरात वाढली. पुढे असं काही घडलं की घरच्यांनी संबंध तोडले, आणि ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानपण गेलं तिथेही लोक तोंड फिरवू लागले. काय घडलं ते त्यांनी लिहिलेलं नाही आणि उत्तर देण्यासाठी मला ते कळण्याची गरजही नाही. त्या विचारतात, "देव सगळ्यांवर प्रेम करतो हे मी शंभर वेळा ऐकलंय. त्या 'सगळ्यां'मध्ये मी आहे का? की आधी मी सुधारायचं आणि मग तो प्रेम करणार?"

मी तीसहून अधिक वर्षं पाळक म्हणून सेवा करतो आहे. त्यातला बराच काळ तुरुंगात आणि इस्पितळात माणसांना भेटण्यात गेला. हा प्रश्न मी खूपदा ऐकलाय, बहुतेक वेळा अगदी हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलेला.

तर आधी सरळ उत्तर. हो, त्या 'सगळ्यां'मध्ये तुम्ही आहात. आणि नाही, आधी सुधारावं लागत नाही. पण एवढं सांगून थांबलो तर शंभर वेळा ऐकलेलं तुम्ही एकशे एकाव्यांदा ऐकलं, इतकंच होईल. म्हणून पवित्र शास्त्र हे 'हो' कसं म्हणतं ते जरा जवळून पाहू.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एक चित्र असतं. देव आत बसला आहे, दार उघडं आहे, आणि तो इतका मोठ्या मनाचा आहे की बाहेरच्या कुणालाही आत यायला मुभा देतो. चित्र वाईट नाही, पण शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकांत, ते तसं दिसत नाही. तिथे तो आत बसून राहिलेला नसतो, उठून बाहेर गेलेला असतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचा शेवट काढा. एक कुष्ठरोगी येशूपुढे येऊन गुडघे टेकतो. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अशा माणसासाठी नियम दिले आहेत: कपडे फाटलेले, केस मोकळे, वरचा ओठ झाकलेला, आणि तोंडाने 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडत राहायचं. राहायचं छावणीच्या बाहेर, एकट्याने. (त्या काळी या नावाखाली कातडीचे बरेच रोग येत. कापडावरच्या नि घराच्या भिंतीवरच्या बुरशीसारख्या डागांनाही मूळ भाषेत तोच शब्द आहे.) वस्तीचं रक्षण व्हावं म्हणून केलेले हे नियम, पण ज्याच्यावर ते लागू होत त्याची अवस्था काय होत असेल? स्वतःच्या तोंडाने स्वतःला अशुद्ध म्हणत फिरायचं, दिवसामागून दिवस. पुढे पुढे तेच त्याचं नाव होऊन बसत असणार.

हा माणूस येशूला जे म्हणतो ते नीट ऐका. आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात. येशूच्या सामर्थ्याबद्दल त्याला शंका नाही, शंका आहे ती इच्छेबद्दल. हा करू शकतो हे मला माहीत आहे, पण माझ्यासाठी करील का? तुम्ही विचारता तो प्रश्न हाच आहे, आणि तो पहिल्यांदा विचारणाऱ्या तुम्ही नाहीत.

येशू हात पुढे करतो, त्याला शिवतो आणि मग म्हणतो, माझी इच्छा आहे, शुद्ध हो. शिवणं आधी आणि शुद्ध होणं नंतर. ज्या क्षणी हात लागला त्या क्षणी तो माणूस रोगीच होता. येशूला बरं करण्यासाठी हात लावायची गरज होती असंही नाही. शताधिपतीच्या, म्हणजे एका रोमी सेनाधिकाऱ्याच्या, चाकराला त्याने दुरूनच नुसत्या शब्दाने बरं केलं. म्हणजे रोग जायला शब्द पुरला असता. तो स्पर्श त्या माणसासाठी होता, ज्याला किती वर्षांत कुणी हात लावला नव्हता कोण जाणे.

येशूला कळवळा आला असं आपण वाचतो. तिथला ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. मराठीत आपण म्हणतो ना, पोराचे हाल बघून आईचं आतडं तुटतं, जवळपास तेच. जुन्या करारात देवाच्या करुणेसाठी जो हिब्रू शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्याचं नातं तर 'गर्भाशय' या शब्दाशी आहे. हे ज्ञान मिरवायला सांगत नाही. 'देव प्रेम करतो' हे वाक्य ऐकून ऐकून इतकं गुळगुळीत झालंय की त्याच्या आत शरीराला होणारी कळ आहे हे आपण विसरतो. देव वरून सहानुभूती पाठवतोय असं या शब्दांत नाही. त्याचा जीव तुटतो.

आणि मार्कच्या त्या गोष्टीचा शेवट. बरा झालेला माणूस गप्प राहत नाही, सगळीकडे सांगत सुटतो, आणि त्यामुळे येशूला गावात उघडपणे जाता येईनासं होतं. तो बाहेर, ओसाड जागी राहू लागतो. दोघांच्या जागा बदलल्या बघा. बाहेरचा माणूस घरी गेला आणि येशू त्याच्या जागी बाहेर. पहिल्याच अध्यायात मार्क आपल्याला वधस्तंभाची वाट दाखवून ठेवतो असं मला नेहमी वाटतं.

दामिएन नावाचे बेल्जियमचे धर्मगुरू १८७३ मध्ये हवाई बेटांपैकी मोलोकाई इथे गेले. कुष्ठरोग्यांना पकडून नेऊन जिथे ठेवत, ती ही जागा. योगायोग असा की हान्सेन यांना या रोगाचा जंतू सापडला तोही १८७३ मध्येच. म्हणजे औषध अजून फार दूर होतं आणि भीती मात्र पुरेपूर होती. दामिएन त्या लोकांबरोबर राहिले, घरं बांधली, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरलं. शेवटी तोच रोग त्यांनाही झाला आणि १८८९ मध्ये ते तिथेच गेले. मार्कच्या त्या ओळी माणूस खरोखर मनावर घेतो तेव्हा काय होतं, ते यात दिसतं.

आता 'आधी सुधारावं लागेल का' हा भाग. इथे जक्कयाची गोष्ट नीट वाचण्यासारखी आहे, कारण ती आपण बहुधा उलटी सांगतो. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर वसूल करायचा आणि त्यात स्वतःचं उखळ पांढरं करून घ्यायचं, असा तो धंदा. लोक त्याचा तिरस्कार करत, आणि तो उगाच नव्हे. तो गरीब बिचारा बहिष्कृत नव्हता, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला बहिष्कृत होता. येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढून बसलेल्या या माणसाकडे येशू वर बघतो, त्याला नावाने हाक मारतो आणि म्हणतो, त्वरा करून खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयाने तोवर एका शब्दाने पश्चात्ताप दाखवलेला नाही. चोरलेले पैसे अजून त्याच्या घरात आहेत, आणि येशू त्याच घरात जेवायला निघाला आहे. बाहेर लोक कुरकुरतात की पापी माणसाच्या घरी हा पाहुणा गेला.

त्यानंतर जक्कय उभा राहतो आणि म्हणतो की माझं अर्धं द्रव्य दरिद्र्यांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात आपण होऊन कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा भरावा लागे. चौपट भरपाई सांगितली आहे ती मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्याला. म्हणजे जक्कय स्वतःला पकडल्या गेलेल्या चोराची शिक्षा आपल्या तोंडाने सुनावतो. हे कुणी मागितलेलं नव्हतं. प्रीती आधी आली आणि सुधारणा तिच्या मागून चालत आली. आपण मंडळीत याचा क्रम फिरवतो. 'आधी नीट हो, मग ये' असं म्हणतो आणि त्यालाच शुभवर्तमान समजतो.

लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राबद्दलही हेच आहे, आणि त्यात एक बारीक गोष्ट आहे जी मला स्वतःला दिसायला बरीच वर्षं लागली. बापाकडून वाटणी घेऊन ती परमुलखात उधळलेला, आता डुकरांमध्ये बसलेला तो धाकटा मुलगा घरी जाऊन काय बोलायचं ते पाठ करतो. त्यात तीन वाक्यं आहेत. मी स्वर्गाविरुद्ध नि तुमच्याविरुद्ध पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी आता लायक नाही. मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. मग तो वाटेला लागतो. तो दूर असतानाच बाप त्याला बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो, मुके घेतो. अजून मुलाने तोंड उघडलेलं नाही. मग तो पाठ केलेलं बोलू लागतो. पहिलं वाक्य होतं, दुसरं होतं, आणि तिसरं बाप होऊच देत नाही. चाकरांना हाका मारतो, उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. 'मला मोलकरी ठेवा' हे वाक्य त्या घरात कधी उच्चारलंच गेलं नाही.

तुमच्या पत्रात ते तिसरं वाक्य मला ऐकू येतं. मला पूर्वीसारखी नको, कुठेतरी कोपऱ्यात चालेल. ते तुम्ही मनात पाठ करून ठेवलं असेल तर सोडून द्या. बापाला ते ऐकायचंच नाही.

त्याच गोष्टीत बाप दोनदा घराबाहेर येतो, हेही बघा. एकदा धाकट्यासाठी धावत. दुसऱ्यांदा थोरल्यासाठी, जो रागावून अंगणात उभा आहे, आत यायला तयार नाही. थोरला म्हणजे आम्ही, नियमाने मंडळीत येणारे. बाप त्याचीही विनवणी करतो. तो शेवटी आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही.

याचं धर्मशास्त्र एका वाक्यात हवं असेल तर ते मार्टिन लूथरच्या एका सिद्धांतात आहे. १५१८ मध्ये हायडेलबर्ग इथल्या वादसभेसाठी त्याने काही सिद्धांत लिहिले. त्यांतल्या अठ्ठाविसाव्याचा आशय असा, की देवाच्या प्रीतीला प्रिय वाटेल असं काही आधीपासून सापडत नाही, तीच ते निर्माण करते. माणसाची प्रीती मात्र आवडण्याजोगं काही दिसलं की मग जागी होते. त्याच्या सुमारे अडीचशे वर्षं आधी थॉमस अक्विनास यानेही जवळपास हेच मांडलं होतं, देवाची प्रीती वस्तूंमध्ये चांगुलपणा ओतते आणि निर्माण करते. एक प्रोटेस्टंट सुधारणेचा जनक आणि दुसरा कॅथलिक परंपरेचा आचार्य. दोघांचं बाकी कितीतरी गोष्टींत जमत नाही, पण इथे ते शेजारी शेजारी उभे आहेत.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 'माझ्यात प्रेम करण्यासारखं आहे तरी काय?' असं म्हणणाऱ्याला आपण पटकन त्याचे गुण मोजून दाखवू लागतो. तू मनाने चांगली आहेस, तू किती सोसलंस. चांगल्या हेतूने करतो, पण त्याने प्रश्न सुटत नाही, कारण ज्याला आपल्यात काहीच चांगलं दिसत नाही तो ते सगळं मनातल्या मनात खोडून काढतो. ख्रिस्ती शिकवण गुण मोजायला बसत नाही. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. योहान म्हणतो, आपण देवावर प्रीती केली असं नाही, त्याने आपल्यावर केली. सुरुवात तिकडून आहे. जे तुमच्या गुणांमुळे सुरू झालं नाही ते तुमच्या अवगुणांमुळे बंद कसं पडेल?

प्रामाणिकपणे एक सांगतो. तारण सर्वांसाठी आहे की निवडलेल्यांसाठी, यावर ख्रिस्ती मंडळ्यांत जुना वाद आहे. १६१८-१९ मधल्या नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने 'निवडलेल्यांसाठी' असं उत्तर दिलं, पुढे मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने जोरकसपणे 'सर्वांसाठी' असं दिलं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण पहिल्या बाजूचा कुठलाही शहाणा शिक्षक तुम्हाला असं सांगणार नाही की समाजाने किंवा मंडळीने टाकलं म्हणून देवाने टाकलं. ते दोन्ही परंपरांत चुकीचंच आहे.

आता तुमच्या प्रश्नातल्या सगळ्यात दुखऱ्या भागाकडे येतो. जगाने टाकलं तर माणूस देवाच्या घरी जातो. पण देवाच्या घरातल्यांनीच टाकलं तर कुठे जायचं?

योहानच्या नवव्या अध्यायात एक माणूस जन्मापासून आंधळा आहे. शिष्य त्याला बघून पहिलं काय विचारतात? पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? माणूस समोर बसलाय आणि चर्चा त्याच्या पापाची. येशू म्हणतो, दोघांनीही नाही, आणि त्याला दृष्टी देतो. तो शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा पवित्र दिवस असल्यामुळे वाद पेटतो. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे धर्मपुढारी, त्या माणसाची उलटतपासणी करतात. आईबापांना बोलावतात, तर ते घाबरून हात झटकतात: तो वयात आलाय, त्यालाच विचारा. का घाबरतात तेही योहान सांगतो. येशूला ख्रिस्त म्हणणाऱ्याला सभास्थानातून बाहेर काढायचं असं ठरलेलं होतं. शेवटी तो माणूस ठामपणे बोलतो, एवढंच म्हणतो की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. ते त्याला शिव्या देतात, जन्मापासून पापात लडबडलेला म्हणतात आणि बाहेर काढतात. आईबापांनी सोडलं, धर्माच्या लोकांनी हाकललं, पाठोपाठ दोन्ही.

पुढची ओळ मला पाठ आहे, कारण तुरुंगात मी ती सगळ्यात जास्त वेळा वाचून दाखवली आहे. त्यांनी त्याला बाहेर घालवलं हे येशूने ऐकलं आणि त्याला गाठलं. पहिल्या वेळी येशू वाटेने जाताना तो दिसला होता. या वेळी येशू शोधत गेला. बाहेर काढलं ही बातमी कानावर येताच तो निघाला. त्याची चूक होती का, पंचांची बाजू काय, ही चौकशी त्याने आधी केली नाही.

आणि तोच येशू शेवटी कुठे मेला? इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात शब्द आहे 'वेशीबाहेर'. येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं, तर त्याची निंदा सोसत आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ या. रोमी लोक वधस्तंभाची शिक्षा मुख्यतः गुलामांना नि बंडखोरांना देत, ज्यांना मान नव्हता त्यांना. धर्मपीठाने दोषी ठरवलेला, सत्तेने मारलेला, मित्रांनी सोडलेला, वेशीबाहेर नेलेला, असा तो देवाचा पुत्र. शेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार त्याला म्हणतो, माझी आठवण ठेवा. त्याच्याजवळ सुधारायला ना वेळ उरला होता ना हात मोकळे होते. त्याला उत्तर मिळतं, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

म्हणून मी म्हणतो, तुम्हाला बाहेर काढलं असेल तर तुम्ही त्याच्यापासून लांब फेकल्या गेलेल्या नाहीत. जिथे तो आहे तिथेच तुम्ही आहात. लांब कोण आहे, याचा विचार आत बसलेल्या आम्ही करायला हवा.

जुन्या करारातला एक धागाही सांगतो. अनुवाद पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात नियम आहे की षंढाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. नंतर यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात तोच परमेश्वर म्हणतो की षंढाने स्वतःला सुकलेलं झाड म्हणू नये, मी त्याला माझ्या घरात मुलामुलींहून श्रेष्ठ असं नाव देईन. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात एक षंढ रथात बसून यरुशलेमहून परत चालला आहे. कांदके राणीचा खजिनदार, मोठा अधिकारी, पण शरीरामुळे मंडळीबाहेरचा. कूशापासून, म्हणजे आजच्या सुदानच्या भागातून, इतक्या लांब उपासनेला गेला होता. त्याच्या हातात यशयाची गुंडाळी आहे आणि तो वाचतोय त्रेपन्नावा अध्याय, वधाला नेलेल्या मेंढराचा. ती गुंडाळी आणखी थोडी उलगडली की छपन्नावा येतो, त्याच्या स्वतःच्या नावचा. येशूचा अनुयायी फिलिप्प त्याला येशूची सुवार्ता सांगतो. वाटेत पाणी दिसतं आणि तो विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? हा प्रश्न सहज विचारलेला नाही. त्याच्या आयुष्यात प्रत्येक दारावर काही ना काही अडचण निघालेली होती. फिलिप्प त्याच्यासमोर अनुवादाचा नियम काढत नाही. दोघंही पाण्यात उतरतात.

आता मंडळीबद्दल, म्हणजे आमच्याबद्दल. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचलात तर दिसेल की पहिल्या शतकातच सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला 'तू तिथे उभा राहा' असं चाललं होतं. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, वेळी काही जण पोटभर खात आणि काही जण उपाशी राहत. पौलाने त्यांना झाडलं. पुढच्या शतकांत गुलामगिरीला पवित्र शास्त्रातून आधार शोधणारेही ख्रिस्तीच होते आणि तिच्याविरुद्ध आयुष्य घालवणारेही ख्रिस्तीच. तुमच्याशी जे झालं ते झाकायला मी हे सांगत नाही. ते चूक होतं. मंडळी आपल्या प्रभूच्या मागे चालायची थांबली की असं घडतं.

माझीही एक गोष्ट आहे. आमच्या मंडळीत जन्मठेप भोगून सुटलेला एक माणूस येऊ लागला. शेवटच्या बाकाच्या टोकाला, दाराला लागून बसायचा. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. भाकर फोडायची वेळ झाली की तो उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसायचा. मी दर वेळी वेदीपाशी उभा राहून, मुद्दाम त्याच्या दिशेने बघत म्हणायचो, हे मेज प्रभूचं आहे, इथे सर्वांना बोलावणं आहे. मला वाटायचं, मी माझं काम केलं. दार उघडं आहे, येणं न येणं त्याच्याकडे.

आठ-नऊ महिने असं चाललं. एका रविवारी तो उठून गेला आणि त्याच्या मागोमाग आमच्यातली एक म्हातारी विधवा बाकाला धरून उठली. त्यांचे गुडघे इतके दुखायचे की उपासनेत उभं न राहता बसून राहायचीही त्यांना मोकळीक होती. त्या बाकांच्या मधल्या वाटेने शेवटपर्यंत चालत गेल्या, दारातून बाहेर पडल्या आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसल्या. मला वेदीपासून दोघांच्या पाठी दिसत होत्या. नंतर विचारलं, काय बोललात हो? त्या म्हणाल्या, "काही नाही. सरक जरा, म्हटलं."

त्या दिवशी मी भाकरीची थाळी आणि प्याला घेऊन बाहेर गेलो. इतक्या महिन्यांत मला हे सुचलं नव्हतं. वर्षानुवर्षं मी योहानचा नववा अध्याय वाचून दाखवत होतो आणि स्वतः आत उभा होतो. पायरीवर त्याने हात पुढे केला नाही. मी तसाच उभा राहिलो. बराच वेळ गेला, आत गाणं संपलं. मग त्या बाईंनी त्याच्या कोपराला हलकेच हात लावला आणि त्याने भाकर घेतली. तो एकदम आत येऊन पहिल्या बाकावर बसला असं मात्र झालं नाही. पुढेही वर्षभर त्याने प्रभुभोजन पायरीवरच घेतलं, आणि आम्ही तिथे नेत राहिलो.

एक शंका लोक नेहमी काढतात, तुमच्याही मनात असेल. मग काहीही केलं तरी चालतं का? योहानच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरून आणलेल्या स्त्रीला येशू म्हणतो, मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, यापुढे पाप करू नकोस. (सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा उतारा नाही, पण मंडळीने तो जपला, आणि त्यातला येशू बाकीच्या शुभवर्तमानांतला येशूच आहे.) वाक्यांचा क्रम बघा. दोषमुक्ती आधी, आज्ञा नंतर. प्रीती आहे म्हणून पापाला पाप म्हणता येतं, नाहीतर तो नुसता आरोप होतो. आणि आणखी एक: जिला पुढे ढकललं होतं ती एकटीच तिथे होती, तिच्याबरोबरचा पुरुष कुठेच नव्हता. बहिष्कार बहुतेक वेळा असाच अर्धवट न्याय करतो. टाकलेल्या माणसाने पाप केलेलंच असतं असंही नाही. कुणी आजारामुळे, कुणी जन्मामुळे, कुणी दुसऱ्याने केलेल्या अत्याचारामुळे बाहेर फेकलं जातं. तुमचं काय झालं ते मला माहीत नाही. ज्याची क्षमा मागायची ते पाप आणि ज्याबद्दल क्षमा मागण्याचा प्रश्नच येत नाही ती जखम, या दोन गोष्टी निराळ्या ठेवा. मी अशी कितीतरी माणसं पाहिली जी आयुष्यभर आपल्या जखमेची क्षमा मागत राहिली.

देव सर्वांवर प्रेम करतो म्हणजे तुम्हाला छळणाऱ्यावरही करतो, हे खरं आहे आणि ते पचवायला जड आहे. पण त्याचा अर्थ तुम्ही त्या माणसाच्या हाताखाली परत जायचं असा होत नाही. जक्कयावरच्या प्रीतीत लुबाडलेल्यांचे पैसे परत गेले. जी प्रीती अन्याय करणाऱ्याला कवटाळते आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला गप्प बसवते, ती येशूची नव्हे.

"मला हे सगळं समजतं, पण आत काही वाटत नाही," असंही पुष्कळ जण म्हणतात. वाटलं पाहिजे अशी अट नाही. ज्याला बरीच वर्षं कुणी जवळ केलं नाही त्याच्या मनाला ऊब ओळखायला वेळ लागतो. स्तोत्र २७ मध्ये एक ओळ आहे: माझ्या आईबापांनी मला सोडलं तरी परमेश्वर मला जवळ करील. ती भावना म्हणून लिहिलेली नाही, सोडून दिलेल्या माणसाने पकडून ठेवलेलं वाक्य आहे. तुम्हीही ते रात्री मोठ्याने म्हणा, वाटो किंवा न वाटो.

शेवटी करायचं काय. या आठवड्यात योहानचा नववा अध्याय एका बैठकीत पूर्ण वाचा, बाहेर काढलेल्या त्या माणसाच्या जागी बसून. ज्या मंडळीने दुखावलं तिथे लगेच परत जायची घाई करू नका, पण एकट्याही राहू नका. दुसरी मंडळी बघायला गेलात तर प्रवचन किती चांगलं यापेक्षा दाराजवळ बसलेल्या माणसाशी कोण बोलतं ते बघा. एखादी व्यक्ती सापडली, पाळकच असली पाहिजे असं नाही, तर तिला घडलेलं सगळं सांगा, हळूहळू, एका वेळी जमेल तेवढं. ती ऐकताना मध्येच वचनं सांगू लागली तर थांबा आणि दुसरी व्यक्ती शोधा. आणि सध्या आत जाववत नसेल, तर बाहेर पायरीवर बसा. तिथे बसून प्रार्थना होते, ती ऐकली जाते.